सोयाबीन गेलं, बापू पडले, आणि आता उपकारस्तुतीचा रविवार आलाय. काय तोंडानं जाऊ?

दुधनाकाठ:

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

जालना जिल्ह्यातला आहे मी, चार एकर रान, अडीच एकरात सोयाबीन अन बाकी मोसंबी. सप्टेंबर २०२५ चा पाऊस तुम्ही सगळ्यांनीच पाहिला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगातच कोंब फुटले, नाल्याकडची पट्टी तर मातीसकट खरडून गेली, तिथं आता नुसता मुरूम दिसतो. कसंबसं मळणी करून चार कट्टे निघाले, काळे पडलेले. मोंढ्यात नेले तर अडत्यानं मूठभर हातात घेतलं, वास घेतला अन परत कट्ट्यात सोडलं, काही बोललाच नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

ते होतंय न होतंय तोवर ऑक्टोबरात बापूंना, म्हणजे माझ्या वडलांना, लकवा मारला. पहाटे उठले अन तोंड वाकडं, उजवा हात पाय गेला, बोलणं गेलं. पहिल्या दवाखान्यात नेलं तिथं चार तास नुसतं बसवून ठेवलं, मशीन बंद आहे डॉक्टर यायलेत असं करत करत. मग दुसरीकडं हलवलं. आता घरी आहेत. बापू म्हणजे आमच्या मंडळीत चाळीस वर्षं पेटी वाजवणारा माणूस हो, सणावाराला दुसऱ्या गावच्या मंडळ्या पण बोलवायच्या त्यांना.

आता येत्या रविवारी चर्चमधे हार्वेस्ट आहे. प्रत्येक घरानं शेतातलं काहीतरी न्यायचं, वेदीसमोर ठेवायचं, भक्ती झाली की त्याचा लिलाव. दरवर्षी आमच्या घरून कट्टाभर सोयाबीन अन मोसंबीची पाटी जायची, बापू सगळ्यात पुढं. बायको म्हणती जाऊ. मी म्हणलं काय नेऊ, कोंब? परवा एका भावानं घरी प्रार्थनेला येऊन सांगितलं की तू तोंडानं स्तुती करत नाहीस म्हणून आशीर्वाद अडकलाय, जितके जास्त उपकार मानशील तितकं देव दुपटीनं देईन. तेव्हापासून माझ्या तोंडातून प्रार्थनाच निघंना.

कालची गोष्ट, जेवायला बसलो, लेकरू सात वर्षाचं आहे, जेवायच्या आधी तीच प्रार्थना करती रोज, "प्रभू या अन्नाबद्दल तुझे उपकार मानते". झालं की सगळे आमेन म्हणतात. काल ती डोळे उघडून माझ्याकडं बघत बसली अन म्हणली पप्पा तुम्ही लई दिवसापासून आमेन म्हणत नाहीत. मला घास गिळंना.

तर विचारायचं एवढंच की मनात नसताना उपकार मानणं हे देवासमोर खोटं बोलणं नाही का? अन मानले नाहीत तर ते पाप आहे का? जाणकारांनी सांगा.


स्तुती करा:

प्रभूची स्तुती असो भाऊ. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ वाचा, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा", हीच देवाची इच्छा आहे. भावनांवर चालू नका वचनावर चाला. तोंडानं सुरू करा, मन मागून येतंय. सैतानाला तुमची स्तुतीच बंद पाडायची आहे. प्रार्थनेत आहे तुमच्यासाठी.


नर्सताई संभाजीनगर:

दादा आधी बापूंचं बोलते, मग बाकीचं. मी पंधरा वर्षं वॉर्डात काम करते, लकव्याचे पेशंट रोज बघते. पहिले तीन महिने लई महत्त्वाचे असतात, सगळ्यात जास्त सुधारणा याच काळात होती, म्हणून फिजिओथेरपी चुकवू नका, रोज त्यांचा हात पाय हलवून घ्या, एका कुशीवर पडू देऊ नका. जेवताना आडवं ठेवून अजिबात भरवू नका, टेकून बसवा, पातळ पाणी गिळताना ठसका लागत असंल तर डॉक्टरला विचारून घट्टसर द्या. बीपीची गोळी बंद करायची नाही, बरं वाटलं तरी. आणि जे वाचायलेत त्यांच्यासाठी: तोंड वाकडं झालं, एक हात वर जाईना, बोलणं अडखळलं की त्याच घडीला सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पळा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, ते पण स्कॅन बघून. तेल चोळत, मंतरत बसू नका.

आता तुमचा प्रश्न. वरच्या भावांनी वचन बरोबर दिलंय पण ते नीट वाचा, "सर्व स्थितीत" लिहिलंय. प्रत्येक वाईट गोष्टीबद्दल आभार मान असं ते पत्र लिहिणारा पौल तिथं म्हणत नाही. स्थितीत राहून आभार मानणं वेगळं अन स्थितीचे आभार मानणं वेगळं. बापूंना लकवा मारला म्हणून देवा तुझे उपकार, असं कुणी तुम्हाला म्हणायला लावत असंल तर ते ऐकू नका. प्रभूनं स्वतः कुठल्या पांगळ्याला असं म्हणायला लावलं नाही, त्यानं त्याला बरं केलं.

आणि आशीर्वाद अडकलाय म्हणणाऱ्या भावाला ईयोबाचं पुस्तक शेवटापर्यंत वाचायला द्या, काही दोष नसताना लेकरं अन संपत्ती गमावलेला माणूस तो. पहिल्या अध्यायातलं "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले; धन्य परमेश्वराचे नाम" एवढंच सगळे पाठ करतात, लगेच तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो हे कुणी वाचत नाही. अन शेवटी बेचाळीसाव्या अध्यायात देवाचा राग कुणावर? तुझंच काहीतरी चुकलं असंल असं सांगणाऱ्या मित्रांवर. देव म्हणतो माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे इतकं रडून भांडून बोललेला ईयोब देवाला चालला.

स्तोत्र ८८ वाचलंय का? शेवटपर्यंत अंधारच आहे त्यात, शेवटी पण उजेड नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या तोंडातून प्रार्थना निघत नसंल तर ते स्तोत्र बापूंच्या खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचा, ती पण प्रार्थनाच आहे.


शंका आहे:

ताई तुमचं पटतंय पण मग इफिस ५:२० चं काय, तिथं तर "सर्वांबद्दल सर्वदा उपकारस्तुती करीत जा" असंच लिहिलंय. 'स्थितीत' नाही, 'सर्वांबद्दल'. मी वाद घालायला विचारत नाही, माझं स्वतःचं अडलंय, दोन वर्षांपूर्वी आमचं बाळ पोटातच गेलं तेव्हापासून हे वचन आलं की पान उलटतो.


उमरग्याचे गुरुजी:

बाळाचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही, पण मला त्याच्याकडं वळसा घालून यावं लागेल, कारण मला हे पुस्तकातून नाही कळलं.

आमचं गाव आताच्या लोहारा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, गावातली माणसं उशिरा घरी येऊन झोपलेली, पहाटे चारच्या आत भूकंप. किल्लारीचा भूकंप म्हणतात पण लातूर-धाराशिवची कितीतरी गावं त्यात गेली, दहा हजाराच्या आसपास माणसं. आमच्याकडं घरं दगड-मातीची, दोन-दोन हात जाड भिंती अन वर माळवद, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून मातीचे थरावर थर दिलेले. तेच अंगावर आलं. मी अंगणात बाजेवर झोपलो होतो म्हणून वाचलो. माझी धाकटी बहीण आत मायजवळ होती. मायला काढलं, बहिणीला काढलं तेव्हा ती गेलेली होती. नऊ वर्षांची.

नंतर लोक आले, मदत आली, कुठून कुठून आली, तंबू, कपडे, धान्य. प्रार्थना करणारे पण आले. त्यातल्या एकानं मायच्या डोक्यावर हात ठेवून म्हणलं, बाई तुम्ही वाचलात, मुलगा वाचला, देवाचे उपकार माना. मायनं मान वर केली अन म्हणली, "मग ती कामून नाही वाचली? तिच्यावर राग होता का देवाचा?" तो माणूस गप्प उभा राहिला. मला तेव्हा सोळावं होतं, मला मायची लाज वाटली होती. आज वाटतं तिच्याइतकं खरं त्या तंबूत कुणी बोललं नाही. मेलेल्या लेकराच्या समोर जिवंत लेकरू तागडीत टाकून आभार मागायचे नसतात.

आमचे म्हातारे पाळकसाहेब मात्र वेगळे. ते दर आठवड्याला सायकलवर यायचे, कॅरिअरला काहीतरी बांधलेलं असायचं, ज्वारी, कधी रॉकेलचा डबा. पत्र्याच्या शेडात मायसमोर बसायचे. वचन काढायचे नाहीत. चहा प्यायचे, जायच्या आधी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणायचे, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", माय म्हणायची नाही, ते एकटेच म्हणायचे. वर्षभर. मी एकदा विचारलं तुम्ही मायला काही सांगत का नाही, तर म्हणले मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी प्रभू आधी रडला, मी कोण आधी बोलणारा.

अन वर्ष होऊन गेल्यावर एक दिवस, काही विशेष नव्हतं त्या दिवशी, मायनं चुलीवरून भाकर काढली, टोपलं पुढं घेतलं अन डोळे न मिटता म्हणली, "प्रभू, ही भाकर." एवढंच. उपकार हा शब्द पण नाही. मी त्या दिवशी चर्चमधे जाऊन पाळकसाहेबांना सांगितलं तर ते पायरीवर खाली बसले.

आता 'सर्वांबद्दल'. माझी समज सांगतो, पाळक नाही मी, शाळामास्तर होतो. त्याच अध्यायात चार ओळी वर पौल म्हणतो दिवस वाईट आहेत. म्हणजे वाईटाला तो वाईटच म्हणतो. योसेफाचं बघा, भावांनी खड्ड्यात टाकून मग विकलं त्याला. शेवटी तो भावांना म्हणतो तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवानं त्यातून चांगलं योजलं. तुम्ही केलं ते चांगलंच होतं असं तो म्हणत नाही. अन हे म्हणायच्या आधी तो किती वेळा रडला ते उत्पत्तीत मोजा, एकदा तर इतका मोठ्यानं की मिसरच्या राजाच्या, फारोच्या घरापर्यंत ऐकू गेलं. ते वाक्य योसेफ स्वतः बोलला, स्वतःच्या तोंडानं, कितीतरी वर्षांनी. खड्ड्याच्या काठावर उभं राहून दुसऱ्या कुणी त्याला ते ऐकवलं असतं तर? तुमच्या बाळाबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल तर ते तुम्ही तुमच्या वेळी म्हणाल, नाहीतर स्वर्गात म्हणाल. पान उलटत असाल तर उलटा, पुस्तक बंद करू नका.


शंका आहे:

गुरुजी, बायकोला वाचून दाखवलं. धन्यवाद.


स्तुती करा:

दुधनाकाठ भाऊ, मी वर घाईत लिहिलं, तुमचा सगळा मजकूर नीट न वाचता. माफ करा. वचन खरं आहे यावर मी ठाम आहे पण रोम १२:१५ पण वचनच आहे, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, ते मी पाळलं नाही.

माझी एक साक्ष आहे, उपदेश म्हणून नाही. २०१६ ला लातूरला होतो, पाण्याचे ते दिवस, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं एप्रिलमधे. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी. माझी नोकरी त्याच महिन्यात गेलेली. मी रात्री घागरीजवळ बसून देवाला म्हणायचो, पाणी आहे. बस. नोकरीबद्दल आभार मानले नाहीत, मानवले पण नसते. जे हातात होतं त्याचंच नाव घेतलं. त्यानं माझं मन धरलं, म्हणून मी लोकांना तोंडानं सुरू करा म्हणतो, पण दुसऱ्याला ते कसं ऐकू जातं याचा विचार केला नव्हता.


बेथेलचा पोरगा:

भाऊ जालन्याचेच आहात तर एक सांगतो. आपल्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली, तिला नाव दिलं बेथेल. आमचे पूर्वज तिथलेच. ते नाव शास्त्रात कुठून आलं बघा: याकोब भावाला फसवून घरातून पळालेला, रात्री दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपला, तिथं त्याला देव भेटला अन उठून तो म्हणला, परमेश्वर इथं होता अन मला माहीत नव्हतं. त्या जागेला त्यानं बेथेल, म्हणजे देवाचं घर, असं नाव दिलं. मग त्यानं नवस केला, देव मला खायला भाकर अन नेसायला वस्त्र देईल, सुखरूप घरी आणील तर तो माझा देव. 'तर' लावलंय त्यानं! सरळ अट घातली देवाला. अन देवानं हाकलून नाही दिलं. तुमच्या मनात आत्ता जे 'तर' आहे ते घेऊन चर्चमधे या, लपवायची गरज नाही.

दुसरं, काम सोडू नका. पंचनाम्यात खरडून गेलेली जमीन वेगळी धरतात, नुसत्या पीक नुकसानीत टाकली असेल तर तलाठ्याकडं जाऊन यादी बघा, फार्मर आयडी, बँक खातं, आधार जोडलेलं आहे का ते तपासा. देवावर विश्वास ठेवणाऱ्यानं तलाठ्याच्या दारात जाऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही.


नर्सताई संभाजीनगर:

दादा अजून एक राहिलं, रात्रपाळीत बसून लिहायलेय. तुम्ही विचारलं मनात नसताना उपकार मानणं खोटं आहे का. मला वाटतं तुम्ही उपकार मानणं म्हणजे खूश असणं असं धरलंय. तसं असतं तर प्रभूला पण जमलं नसतं. प्रभुभोजनाला पाळक काय वाचतात आठवा, "ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली". कोणती रात्र ते मुद्दाम सांगितलंय. धरून देणारा त्याच जेवणाला बसलेला, अजून थोड्या वेळानं गेथशेमाने बागेत त्याला मरणप्राय दुःख होणार, हा प्याला टळू दे म्हणून तो मागणार. अन त्या रात्री त्यानं भाकर हातात घेतली, उपकारस्तुती केली अन मोडली. वधस्तंभाबद्दल आभार मानले असं लिहिलं नाही. भाकर घेतली हातात. थोड्या वेळानं तोच तळमळून प्याला टाळ म्हणतो, अन यातलं एक खरं अन एक खोटं असं नाही, दोन्ही त्याचंच आहे.

मी हे शेकडो वेळा ऐकलं होतं, पण माझे मिस्टर आजारी होते त्या वर्षी एका रविवारी ऐकताना 'त्या रात्री' या शब्दावर अडकले अन मला पुढचं गाणं म्हणता आलं नाही.

पाळकांना रविवारच्या आधी एकदा भेटा, साक्षीला उभं करू नका म्हणून सांगून ठेवा. चांगले असतील तर समजून घेतील. अन बापूंचा डावा हात कसा आहे? तो चांगला असंल तर त्यांच्या आवडीचं काहीतरी त्या हाताला द्या, नुसता चेंडू दाबायला देऊ नका, कंटाळतात पेशंट.


दुधनाकाठ:

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. गुरुजी तुमच्या मायचं वाचताना बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. शंका आहे भाऊ, तुमच्या घरासाठी आज नाव घेतलं, बऱ्याच दिवसांनी कुणासाठी तरी प्रार्थना केली. बेथेल भाऊ, तलाठ्याकडं जाऊन आलो, पट्टी खरंच नुसत्या पिकातच टाकलेली निघाली, अर्ज दिलाय.

ताई, डाव्या हाताचं तुम्ही विचारलं. पेटीचा भाता डाव्या हातानंच मारत्यात ना, हे मला सुचलंच नव्हतं, पेटी महिन्यापासून कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेली, त्यांना दिसू नये म्हणून. काल संध्याकाळी काढली, उशा लावून त्यांना बसवलं अन पेटी पुढं ठेवली. लई वेळ नुसते बघत राहिले. मग डावा हात मागं नेला अन भाता मारायला लागले. सूर कुठला निघणार, उजवा हात मांडीवर पडलेला, नुसती हवा फुसफुस करत राहिली. पोरगी शेजारी उभी होती, तिनं एक पट्टी दाबली. कुठलीतरीच, काळी. सूर निघाला तसं बापूंनी डोळे मिटले अन भाता थांबवला नाही, पोरीनं बोट काढलं नाही, किती वेळ ते तसंच चालू होतं. बायको स्वयंपाकघरातून पीठाच्या हातानं येऊन दारात उभी राहिली.

रात्री जेवताना आमेन म्हणलो. बाकी कशाबद्दल काही म्हणता आलं नाही अजून, सोयाबीनबद्दल तर नाहीच.

रविवारी जातोय. पाळकांशी बोललो, ते म्हणले कोंब आलेलं असंल तर तेच आण, मूठभर, बाकीच्यांच्या पाटीशेजारी ठेव, वेदीसमोर काय ठेवायचं याला काही नियम नाही. पोरगी आत्ता ताटात घेऊन निवडायलीय, काळं वेगळं अन कोंबाचं वेगळं. बापूंना पण न्यायचं म्हणतोय, रिक्षात बसवता येतंय का ते उद्या बघतो. ताई, दहा किलोमीटर आहे, चालंल का एवढा प्रवास? मानेला काही आधार द्यावा लागंल का?